विषबाधा, छावणी आणि वैद्याचा तंबू

मंडळी, सध्या मुक्काम वाराणसीत. दशाश्वमेध घाटावर मराठी माणसाला परकं वाटत नाही. हा पक्का घाट नानासाहेब पेशव्यांनी १७४८ मध्ये बांधवला, पुढे अहिल्याबाई होळकरांनीही त्यावर खर्च केला. पण आज लिहायचं आहे ते काशीच्या याहून जुन्या वारशाबद्दल.

सुश्रुतसंहिता म्हटलं की शस्त्रक्रिया आठवते. या ग्रंथात गुरू आहे काशिराज दिवोदास धन्वंतरी आणि शिष्य सुश्रुत. त्यातलं कल्पस्थान, म्हणजे आठ अध्याय, केवळ विषावर आहे. राजाच्या मुदपाकखान्यावरची देखरेख, विषारी वनस्पती, साप, उंदीर, किडे हे सगळं त्यात येतं. शत्रूनं पाणी किंवा गवत विषारी केलं तर ते ओळखायचं कसं, हेसुद्धा.

फौजी वाचक मात्र अडखळतो तो सूत्रस्थानाच्या चौतिसाव्या अध्यायापाशी. छावणीत वैद्यानं सर्व साहित्यासह राजाच्या निवासालगत राहावं आणि त्याची कीर्ती ध्वजासारखी उंच असावी. म्हणजे विषानं, बाणानं वा रोगानं पीडलेला माणूस न गोंधळता त्याच्याकडे पोचेल, असं तिथे सांगितलं आहे. आपल्या पलटणीतही आरएपी कुठे आहे हे जवानाला आधीच ठाऊक असावं लागतं. जखमी झाल्यावर पत्ता शोधायला वेळ नसतो.

नागरी जीवनात हा ध्वज टेलिफोननं उभारला. १९५३ मध्ये शिकागोत विषबाधा केंद्र सुरू झालं. दिल्लीच्या एम्समध्ये १९९५ पासून राष्ट्रीय विष माहिती केंद्र आहे. चोवीस तास, मोफत क्रमांक १८०० ११६ ११७.

उपचार अर्थातच बदलले. सुश्रुत दंशाच्या वर आवळून बांधायला सांगतो. आज साप चावल्यास आवळणं, चिरणं, चोखणं टाळून, अवयव न हलवता रुग्णालय गाठायचं असतं. व्यवस्थेमागचा विचार मात्र तोच आहे.

निवृत्तीनंतर आपल्यातले बरेच जण शेती करतात. घरात कीटकनाशक असतं, नातवंडं खेळत असतात. कोणी काही प्यायलं तर मिठाचं पाणी पाजून उलटी काढू नका. काय, किती, केव्हा घेतलं, वय आणि वजन किती, हे फोनवर सांगा. बाटली लेबलासकट हाताशी ठेवा. माणूस बेशुद्ध असेल, झटके येत असतील किंवा श्वास अडत असेल, तर आधी १०८ किंवा ११२.

क्रमांक आजच भिंतीवर लिहून ठेवा, घरातल्या सगळ्यांना दिसेल असा.