नान, खलिया आणि नहर : औरंगाबादचे तीन दिवस

शनिवार-रविवारला लागून सोमवारची सुट्टी आली की हल्ली बरीच मंडळी फक्त खाण्यासाठी प्रवासाला निघतात. हैदराबाद, लखनौ, इंदूर ही नावे ठरलेली. औरंगाबादचे नाव निघते ते अजिंठा-वेरूळसाठी. खाण्याचा विषय निघालाच तर एका वाक्यात संपतो : "नान-खलिया खाऊन या, शाही पदार्थ आहे." (सरकारी कागदांवर शहराचे नाव २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर आहे. इथे ज्या काळाबद्दल लिहितो आहे त्या काळच्या नोंदींत औरंगाबाद येते, म्हणून तेच ठेवले आहे.)

माझा आक्षेप 'शाही' या शब्दाला आहे. आपल्याकडे मुसलमानांच्या खाण्याबद्दल दोनच गोष्टी बोलल्या जातात. कौतुक करायचे असेल तर ते नवाबी, मोगलाई, शाही. दूषण द्यायचे असेल तर ते बाहेरचे. दोन्ही बोलण्यांत एक गोष्ट समान आहे. हे खाणे इथल्या साध्या माणसांचे, इथल्या पाण्या-पिठावर वाढलेले आहे, ही शक्यताच त्यांत धरलेली नसते. औरंगाबाद हे तपासून पाहायला फार चांगले शहर आहे. त्यासाठी तीन दिवस पुरतात, फक्त सुरुवात हॉटेलपासून न करता चक्कीपासून करायची.

पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचलात तर थेट पाणचक्कीला जा. पर्यटक तिथे हौदातले मासे पाहतात, फोटो काढतात आणि बीबी का मकबऱ्याकडे निघतात. हजरत बाबा शाह मुसाफिर (रह.) यांच्या दर्ग्याचे हे आवार. बाबा मूळचे बुखाऱ्याजवळच्या गिज्दवानचे, नक्शबंदी सिलसिल्याचे. त्यांचे गुरू बाबा पलंगपोश मोगल सरदार गाजीउद्दीन खान फिरोजजंग यांच्या फौजेबरोबर फिरत. म्हणजे हा तकिया राजवाड्याच्या सावलीत वाढलेला नाही. तो फौजेच्या वाटेवरचा आहे. मुक्कामाला येणारे कोण, तर तुराणी शिपाई, फकीर, वाटसरू, नोकरी शोधत दख्खनेत उतरलेले लोक. या मलफुजातचे इंग्रजी भाषांतर सायमन डिग्बी यांनी केले आहे. त्यांनी पुस्तकाच्या नावातच सूफी आणि शिपाई यांना एकत्र आणले, ते उगाच नाही.

इतक्या लोकांना जेवायला घालायचे तर पीठ लागते. १७४४ च्या सुमारास निजामाच्या दरबारातले सरदार तुर्कताज खान यांनी इथे पाण्यावर चालणारी चक्की बसवली. डोंगराकडून झऱ्याचे पाणी जमिनीखालच्या बंद नळांतून मैलोगणती आणले, चुनेगच्ची खांबातून वर चढवले आणि उंचावरून हौदात सोडले. त्या पाण्याच्या जोरावर खाली चाक फिरते आणि चाकावर जाते. फकिरांसाठी आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांसाठी धान्य इथे दळले जाई. मोठ्या हौदाखाली एक दालन आहे. त्याचे छत म्हणजे हौदाचा तळ. उन्हाळ्यातही ते थंड असते. माझ्या मते हे त्या काळातले फार मोठे सार्वजनिक स्वयंपाकघर होते, आणि त्यातला सर्वांत अवघड भाग, म्हणजे दळण, पाण्याने सोपा केला होता. ज्या घरांत बायकांनी पहाटे उठून जात्यावर दळले आहे, त्यांना ही सोय किती मोठी ते सांगायला नको.

जमिनीखालून पाणी आणण्याची ही विद्या शहराला मलिक अंबरने दिली. इथिओपियात जन्मलेला, गुलाम म्हणून हातोहात विकला गेलेला हा माणूस पुढे निजामशाहीचा वजीर झाला. १६१० मध्ये त्याने खडकी गावी राजधानी वसवली आणि डोंगरातले पाणी नहरीने शहरात आणले. त्याच्या शहरात मालपुरा, खेलपुरा, परसपुरा, विठापुरा या वस्त्यांना मराठा सरदारांची नावे होती. नहरीचे पाणी त्यांनाही मिळाले. शहराला 'औरंगाबाद' हे नाव लागले १६५३ मध्ये, औरंगजेब दख्खनचा सुभेदार असताना. मलिक अंबरच्या नहरीनंतर आणखी नहरी झाल्या. पाणचक्कीची त्यांतलीच एक.

आज त्याच शहरात नळाला पाणी किती दिवसांनी येते, हे तिथल्या कोणत्याही गृहिणीला विचारा. नहरींवर घरे झाली, रस्ते झाले, कुठे नळ फुटले. मी विद्यार्थ्यांना सहलीला नेतो तेव्हा त्यांनी पाणचक्कीत हौदापेक्षा तो खांब आधी पाहावा, असा माझा आग्रह असतो.

संध्याकाळी मगरिबनंतर बुड्ढी लेन, लोटा कारंजा, रोशन गेट या भागांत जा. नान-खलिया इथेच खायचा. हॉटेल कोणते, हे मी सांगणार नाही. ज्या दुकानाच्या शेजारी किंवा समोर नानची भट्टी पेटलेली दिसेल ते निवडा. नान ताजे असले की निम्मे काम झाले. औरंगाबादचे नान पंजाबी हॉटेलातल्या नानसारखे पातळ आणि लवचीक नसते. ते जाड, फुगीर आणि वरून पिवळसर असते, चवीला किंचित गोडसर. खलिया म्हणजे मांसाचा पातळ, तिखट रस्सा, वर लाल तर्री. नान मोडायचे, तर्रीत बुडवायचे, शोषू द्यायचे. काटा-चमचा मागू नका. ज्यांना मटणाचाच खलिया हवा त्यांनी बसतानाच विचारून घ्यावे. मोहल्ल्यात अनेक ठिकाणी बड्याचा, म्हणजे म्हशी-रेड्याचा असतो. विचारले म्हणून कोणी वाईट मानत नाही. न विचारता नंतर तोंड पाडून बसणारा पाहुणा मात्र सगळ्यांनाच अवघड करतो.

जेवताना शेजारचा कोणीतरी हमखास सांगेल की हा पदार्थ मुहम्मद तुघलकाच्या फौजेबरोबर आला. १३२७ मध्ये सुलतानाने दिल्लीहून देवगिरीला, म्हणजे दौलताबादला राजधानी हलवली, वाटेत हजारो लोकांसाठी देगा चढल्या, भट्ट्या खणल्या गेल्या आणि नान-खलिया जन्मला. गोष्ट छान आहे. मी ती वर्गातही सांगतो आणि मग मुलांना विचारतो, "खलियाचा रंग कोणता?" लाल. लाल कशाने? मिरचीने. मिरची कुठली? अमेरिकेतली. कोलंबस तिकडे पोहोचला १४९२ मध्ये आणि पोर्तुगीजांनी गोवा घेतला १५१० मध्ये. तुघलकाच्या देगीत लाल मिरची असणे शक्यच नाही. काळी मिरी असेल, आले असेल. आपला 'मिरची' हा शब्दही मिरीवरूनच आला आहे. म्हणजे आज जो खलिया आपण खातो त्याला त्याचा रंग आणि झणका दख्खनेत, फार नंतर मिळाला.

नाव मात्र जुने आहे. मूळ शब्द 'क़लिया', अरबी धातूचा अर्थ तळणे, परतणे. अबुल फज़लच्या आईन-ए-अकबरीत मसाल्याच्या मांसाहारी पदार्थांत कलिया येतो आणि त्या ग्रंथात मिरचीचा पत्ता नाही. शब्द बुखारा-दिल्लीच्या वाटेने आला, मिरची गोव्याच्या बाजूने आली, आणि मराठी कानाने 'क़'चा 'ख' केला. आमच्या दखनीतही 'क़'ला 'ख'च म्हणतात, त्यामुळे उर्दूच्या तासाला मला मुलांचा उच्चार सुधारावा लागतो आणि भट्टीवर गेल्यावर मी स्वतः खलियाच म्हणतो.

फौजेची गोष्ट पूर्ण टाकून देण्यासारखी मात्र नाही. माझा कल तुघलकापेक्षा औरंगजेबाच्या काळाकडे आहे. १६८२ मध्ये तो औरंगाबादला आला आणि १७०७ मध्ये मरेपर्यंत दख्खनेतच राहिला. पंचवीस वर्षे चालती-फिरती छावणी, तिच्याबरोबर भटारी, कसाई, बैलांवर धान्य वाहणारे वंजारी. अशा गर्दीला काय वाढता येईल, तर जे एका देगीत शेकडोंना पुरते. रस्सा पातळ ठेवला की माणसे वाढली तरी चालते. नान भट्टीत एकामागून एक निघते, ताट लागत नाही, उरले तर दुसऱ्या दिवशी चालते. याला लेखी पुरावा मी दाखवू शकत नाही, पण पदार्थाची घडणच सांगते की तो बादशहाच्या एका थाळीसाठी रचलेला नाही. आजही हे लग्नाचे जेवण आहे, दस्तरखानावर पंगती बसवण्याचे. रोजच्या जेवणाला आम्हा मराठवाड्यातल्या मुसलमानांच्या घरात ज्वारीची भाकरीच असते. नान घरी कोणी करत नाही.

दुसरा दिवस जुन्या शहराचा. सकाळी शहागंजकडे जा. त्या भागात हजरत निजामुद्दीन औरंगाबादी (रह.) यांचा दर्गा आहे. यांच्याशी जोडलेली कुलच्यांची गोष्ट हैदराबादेत सगळ्यांना माहीत असते, औरंगाबादेत कमी. मीर कमरुद्दीन, म्हणजे पुढचा पहिला निजाम, भेटीला आला. हजरतांनी कपड्यात बांधलेले कुलचे पुढे ठेवले. त्याने सात खाल्ले. हजरत म्हणाले, तुझ्या सात पिढ्या राज्य करतील. आसफजाही पिवळ्या झेंड्यावरचे पांढरे वर्तुळ म्हणजे तो कुलचा, असे सांगतात. १९४८ मध्ये राज्य संपले तेव्हा गादीवर सातवेच निजाम होते, म्हणून गोष्ट पक्की झाली. पण हा हिशोब जमवायला पहिल्या आणि दुसऱ्या निजामाच्या मधले नासिरजंग, मुजफ्फरजंग आणि सलाबतजंग हे तिघे मोजणीतून वगळावे लागतात. मला या गोष्टीतले भाकीत महत्त्वाचे वाटत नाही. देणारा फकीर आहे आणि भुकेला अमीर आहे, हे मला आवडते. आणि दिलेली वस्तू तलवार नव्हे, भट्टीची रोटी आहे.

१७६३ मध्ये निजाम अली खान यांनी राजधानी हैदराबादला नेली. दरबार गेला, कारकून गेले, शायर गेले. सिराज औरंगाबादी त्याच सुमारास इथे वारले. त्यांच्याही आधी वली दखनी १७०० मध्ये इथून दिल्लीला गेले आणि तिथल्या शायरांना दाखवून आले की ही भाषा गझलेला पुरते. दरबाराबरोबर हैदराबादची बिर्याणी मोठी झाली, तिला आश्रयदाते मिळाले, पुढे पर्यटक मिळाले. औरंगाबादला भट्ट्या उरल्या. 'शाही' म्हणायचेच असेल तर बिर्याणीला म्हणा.

दुपारी तहारी खा. जवळपास कुठे लग्नाचे आमंत्रण असेल तर बघारा खाना आणि दालचा चुकवू नका. संध्याकाळी गुलमंडीवर इमरती. शाकाहारी सोबत्यांचा दुसरा दिवस असा गोड जातो. त्यांच्यासाठी पहिल्या रात्रीही काही अडत नाही, नुसते गरम नान आणि चहा हे स्वतंत्र जेवण आहे.

तिसऱ्या दिवशी लवकर निघून दौलताबादवरून खुलताबाद. सुट्टी सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असेल तर दौलताबादच्या रस्त्यावर सीताफळांच्या टोपल्या दिसतील. याला सीतेचे नाव आहे, पण हे फळही मिरचीसारखेच अमेरिकेतून आलेले. चौदाव्या शतकात इब्न बतूता इथे आला तेव्हा त्याने द्राक्षे आणि डाळिंबे नोंदवली आहेत, सीताफळ त्यात असूच शकत नव्हते. आज त्या डोंगराला सीताफळाशिवाय कोणी ओळखत नाही, आणि त्याला बाहेरचे म्हणण्याचे कोणाच्या मनात येत नाही.

खुलताबादला लोक औरंगजेबाची कबर पाहायला येतात, त्यावरून वाद घालतात आणि परत जातात. ती उघड्या आकाशाखालची साधी कबर हजरत जैनुद्दीन शिराजी (रह.) यांच्या दर्ग्याच्या आवारात आहे. समोरच हजरत बुऱ्हानुद्दीन गरीब (रह.) यांचा दर्गा. दिल्लीच्या निजामुद्दीन औलियांचे हे मुरीद. राजधानी हलली तेव्हा दख्खनेत आले, १३३७ मध्ये इथेच वारले. दिल्लीच्या जमातखान्यातल्या स्वयंपाकघराची व्यवस्था काही काळ त्यांच्याकडे होती, असे सांगतात. त्याच आवारात पहिल्या निजामाची कबर आहे, कुलचे खाणाऱ्याची. मलिक अंबर थोड्या अंतरावर आपल्या मकबऱ्यात आहे. नहर आणणारा, छावणीवाला, कुलचेवाला आणि स्वयंपाकघर सांभाळणारा असे चौघे चालत जाण्याच्या अंतरात.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी. वेरूळ खुलताबादपासून अगदी जवळ आहे. लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठा सोमवारी. रमजानमध्ये आलात तर दिवसा मोहल्ल्यात काही मिळणार नाही, पण इफ्तारनंतर रात्रभर मिळेल. शुक्रवारी दुपारी जुम्याच्या वेळी दुकाने बंद असतात, तेव्हा तासभर थांबा. परतीच्या दिवशी घरी नान न्यायचे असतील तर आदल्या रात्रीच भट्टीवर सांगून ठेवा. मोठी ऑर्डर सकाळच्या पहिल्या खेपेत काढून देतात. नान प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबू नका, घाम येऊन खराब होतात. धुतलेल्या सुती कापडात बांधा, दुसऱ्या दिवशी तव्यावर पाण्याचा हबका मारून गरम करा. खलिया मात्र डब्यात नेण्याच्या भानगडीत पडू नका, तर्री गोठते आणि एस.टी.त सांडते.