ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया

ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया : (एआरएआय). वाहन उद्योगाने केंद्र सरकारच्या सहकार्याने १९६६ मध्ये स्थापन केलेली सहकारी संशोधन संस्था. मुख्यालय पुण्यात, वेताळ टेकडीवर. त्यावरून टेकडीच्या त्या भागाला ‘एआरएआय टेकडी’ म्हणतात. वाहने व सुटे भाग बनवणाऱ्या कंपन्यांसाठी संशोधन, चाचणी आणि तांत्रिक सल्ला, तर सरकारसाठी वाहन-मानकांचे मसुदे तयार करणे, अशी तिची दुहेरी कामगिरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२६ नुसार वाहनांच्या नमुन्यांची चाचणी करून ती प्रमाणपत्र देते. इंधनखपत मोजताना गाडी जागच्या जागी, डायनॅमोमीटरच्या रुळांवर ठरावीक वेगक्रमाने चालवतात. त्यामुळे जाहिरातीतील प्रमाणित मायलेज आणि रस्त्यावरचे प्रत्यक्ष मायलेज यांत फरक पडतो.