टाके-गोंद नौकाबांधणी

प्लायवुडचे कापलेले फलक तारेच्या टाक्यांनी कडेला कड लावून जोडणे आणि ते सांधे इपॉक्सी राळ व काचतंतूंच्या पट्टीने पक्के करणे, या पद्धतीला टाके-गोंद नौकाबांधणी म्हणतात. इंग्रजीत ती ‘स्टिच अँड ग्लू’ या नावाने ओळखली जाते. कयाक, वल्ह्याच्या होड्या व शिडाच्या लहान डिंग्या यांसाठी ती विशेष प्रचलित आहे. यात आधी सांगाडा उभारावा लागत नाही. फलकांच्या वक्र कडांमुळेच होडीला आकार येतो.

इतिहास

ब्रिटनमध्ये केन लिटलडाइक यांनी कयाकसाठी वापरलेली ही पद्धत १९६३ पासून ‘मिरर’ या डिंगीमुळे हौशी लोकांपर्यंत पोहोचली. बॅरी बकनेल व जॅक होल्ट यांनी आरेखन केलेल्या या होडीला ‘डेली मिरर’ वृत्तपत्राचे पाठबळ होते. आरंभी पॉलिएस्टर राळ वापरली जाई. लाकडाला अधिक घट्ट धरणारी इपॉक्सी नंतर रूढ झाली.

भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर काथ्याने फळ्या शिवून नौका बांधण्याची परंपरा प्राचीन आहे. तेथे शिवण हाच कायमचा सांधा असतो. येथे मात्र टाका तात्पुरता असून राळ घट्ट झाल्यावर तो बहुधा काढून टाकतात.

सांधणी

फलकाच्या कडेपासून सुमारे १ सेंमी आत, साधारण १० ते १५ सेंमी अंतरावर छिद्रे पाडून त्यांतून तांब्याची तार ओवतात व बाहेरून पिळतात. सर्व टाके सैल असतानाच होडीला पीळ पडला आहे का, हे तपासणे अत्यावश्यक असते. त्यासाठी होडीच्या दोन्ही टोकांजवळ आडव्या काठ्या ठेवून त्या एका पातळीत दिसतात का, हे पाहतात. राळ घट्ट झाल्यावर पीळ काढता येत नाही.

त्यानंतर टाक्यांच्या मधल्या जागी घट्ट केलेल्या इपॉक्सीचे ठिपके देतात व ते वाळल्यावर तारा काढतात. आतील कोनात लाकडाचे पीठ मिसळलेल्या इपॉक्सीचा गोलसर भराव घालून त्यावर काचतंतूंची पट्टी राळेत भिजवून बसवतात. भरावामुळे पट्टी कोनात दुमडत नाही आणि ताण रुंद पृष्ठभागावर पसरतो. बाहेरची कड गोल घासून तेथेही पट्टी लावतात. कोरडे लाकूड राळ शोषून घेते व सांधा उपाशी राहतो. म्हणून आधी पातळ राळेचा हात देतात.

दक्षता

हार्डनरचे प्रमाण उत्पादकाने दिल्याप्रमाणेच ठेवावे लागते. ते वाढवल्याने राळ लवकर वाळत नाही, उलट कच्ची राहते. भांड्यात जास्त मिश्रण साठून राहिल्यास ते तापून धूर येऊ शकतो. वारंवार स्पर्शाने त्वचेला कायमची ॲलर्जी होऊ शकते, म्हणून हातमोजे आवश्यक असतात.