मिसरी तराजू आणि योसेफाची पेटी



बडोद्याच्या सयाजीबागेतल्या वस्तुसंग्रहालयात एक मिसरी ममी आहे, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांना ठाऊक असेल. उत्पत्तीच्या शेवटच्या अध्यायांचा अभ्यास चालू होता, म्हणून आम्ही संडे स्कूलच्या मुलांना ती दाखवायला नेले. मृताचा मेंदू नाकावाटे आकडीने ओढून काढत आणि फेकून देत, हे ऐकताच मुलांनी नाके दाबली. एका मुलीने मात्र विचारले, “मग हृदयपण काढून टाकायचे का?” त्या वेळी आम्ही ‘नाही’ एवढेच म्हणालो. तिच्या प्रश्नाला खरे तर याहून मोठे उत्तर आहे.

प्रेत टिकवण्याच्या कामाला सुमारे 70 दिवस लागत. यकृत, फुप्फुसे, जठर आणि आतडी काढून वेगळी वाळवत व बहुधा चार बरण्यांत ठेवत. देह नॅट्रॉन नावाच्या क्षारात मुरवून कोरडा करत आणि मग तागाच्या पट्ट्यांत गुंडाळत. हा खर्च ऐपतवाल्यांचा. गरिबाचे प्रेत वाळवंटातल्या साध्या खड्ड्यात जाई, आणि कधीकधी ती तापलेली वाळूच त्याला फुकटात छान वाळवी! हृदय मात्र जागच्या जागी राहू देत, कारण बुद्धी, आठवण आणि इच्छा हृदयात राहते अशी त्यांची समजूत होती. मेंदूला त्यांच्या लेखी काहीच किंमत नव्हती. मेल्यावर माणसाला न्यायसभेत उभे राहावे लागे, आणि तिथे हृदयाची गरज पडे.

ही न्यायसभा कशी असते ते लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधल्या अनी नावाच्या लेखनिकाच्या पपायरसावर रंगवलेले आहे. तो इ. स. पू. 1250 च्या सुमाराचा. अनी आणि त्याची बायको वाकून उभी आहेत. समोर तराजू. एका पारड्यात अनीचे हृदय, दुसऱ्यात ‘मात’चे, म्हणजे सत्य आणि न्यायाचे, एक पीस. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस तराजूचा काटा पाहतो, पक्ष्याच्या तोंडाचा थोथ निकाल लिहून घेतो. बाजूला एक प्राणी वाट पाहत बसला आहे. त्याचे तोंड मगरीचे, पुढचे अंग सिंहाचे आणि मागचे पाणघोड्याचे. हृदय पापाने जड निघाले तर ते त्याच्या तोंडी जायचे आणि माणूस कायमचा संपायचा. हलके निघाले तर ओसायरिसच्या राज्यात प्रवेश. तिथे भरघोस पिकाची शेते होती. त्या शेतांतही राबावे लागेल या धास्तीने लोक कबरेत छोट्या बाहुल्या ठेवत. हाक आली की मालकाच्या वतीने त्यांनी ‘हजर’ म्हणायचे. तूतनखामेनच्या कबरेत अशा चारशेहून अधिक बाहुल्या सापडल्या.

न्यायसभेत मृताने 42 दैवतांपुढे आपण काय काय केले नाही ते सांगायचे असे. खून केला नाही, चोरी केली नाही, मापात खोट केली नाही, लेकरांच्या तोंडचे दूध पळवले नाही. हे वाचताना आम्हाला त्या लोकांविषयी आदरच वाटला. मोशेच्या पाट्यांच्या आधीपासून या लोकांना ठाऊक होते की वजन मारणे हा देवापुढचा गुन्हा आहे. आपल्यातल्या काहींना अशा मूर्तिपूजकांच्या गोष्टी उपासनेच्या लेखात नकोशा वाटतील. पण प्रेषितांची कृत्ये सांगतात की मोशे मिसरी लोकांच्या सर्व विद्येत तयार झाला होता. तेव्हा तराजूची ही गोष्ट त्याच्याही कानांवर असणारच. निर्गमात फारोचे मन कठीण झाले असे आपण वाचतो, तिथे काही ठिकाणी मूळ इब्री शब्दाचा अर्थ ‘जड’ असा आहे. मिसरी माणसाने ते ऐकले असते तर त्याला धडकी भरली असती.

आता त्या मुलीच्या प्रश्नाचा उरलेला भाग. मृताच्या छातीवर पुष्कळदा शेणकिड्याच्या आकाराचा हिरवट दगड ठेवत. त्याच्या पोटावर एक मंत्र कोरलेला असे. त्यात मृत आपल्याच हृदयाला विनवतो की न्यायसभेत माझ्याविरुद्ध उभे राहू नकोस, तराजूपाशी माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस. 42 दैवतांपुढे ‘मी केले नाही’ म्हणता येई; भीती होती ती आतून कोणी ‘केलेस’ म्हणेल याची. म्हणून साक्षीदाराचे तोंड बंद करायची तजवीज. पपायरसही तयार लिहून ठेवत आणि गिऱ्हाईक आले की मोकळ्या जागेत त्याचे नाव भरत. चित्रात तराजू नेहमी समतोल! पैसे देऊन आधीच मिळवलेला निकाल तो.

आम्ही हसलो नाही. रात्री प्रार्थनेला बसल्यावर आठवू नये असे काही आठवते, आणि आपण घाईने दुसऱ्यांसाठी विनंत्या मागू लागतो, हे आम्हाला चांगलेच माहीत आहे. योहान आपल्या पहिल्या पत्राच्या तिसऱ्या अध्यायात याच जागेवर बोट ठेवतो. पण तो मनाला गप्प करत नाही. मन आपल्याला दोषी ठरवील, हे तो धरूनच चालतो, आणि मग त्या मनाहून मोठ्या असलेल्या, सगळेच जाणणाऱ्या देवाकडे आपल्याला वळवतो. मिसरी माणसाला ज्याला कळू नये असे वाटे, त्यालाच आधीपासून सगळे माहीत आहे. आणि त्यानेच आपल्या पुत्राला आपल्यासाठी दिले.

याच देशात योसेफ वारला. 110 वर्षांचे आयुष्य, म्हणजे मिसरी लोक ज्याला भरलेले आयुष्य म्हणत तेवढेच. याकोबाप्रमाणे त्याचाही देह मसाले भरून टिकवला गेला आणि पेटीत ठेवला गेला. उत्पत्तीचे पुस्तक त्या पेटीपाशीच संपते. मिसराचा एवढा मोठा अधिकारी, त्याला उत्तम कबर सहज मिळाली असती. पण मरताना त्याने भावांकडून एकच शपथ घेतली. देव तुमची भेट घेईल, तेव्हा माझ्या अस्थी इथून घेऊन जा. इब्री लोकांस पत्राचा लेखक त्याच्या विश्वासाची आठवण म्हणून नेमकी हीच गोष्ट निवडतो.

वल्हांडणाच्या रात्रीनंतर घाईघाईने निघताना मोशेने त्या अस्थी आठवणीने बरोबर घेतल्या. चाळीस वर्षे त्या रानातून फिरल्या. शेवटी शखेमात, याकोबाने हमोराच्या मुलांकडून शंभर नाणी देऊन घेतलेल्या शेतात, त्या पुरल्या गेल्या.