कार्यशाळेचे दार

माझ्या संग्रहात अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या आणि तंत्रनिकेतनांच्या माहितीपुस्तिकांचा एक गठ्ठा आहे. त्यातल्या एका जुन्या पुस्तिकेच्या मागे कोणा शिक्षकाने पेन्सिलीने लिहिले आहे : ‘सकाळी 8. शाळेचे फाटक. डबा आणणे.’ शाळेतल्या मुलांना कार्यशाळा दाखवायला नेण्याच्या सहलीची ती नोंद. 2020 सालची छापील पुस्तिका मात्र माझ्या गठ्ठ्यात एकही नाही. त्या वर्षी माहिती पीडीएफ होऊन मोबाइलवर आली.

तंत्रशिक्षणाला विद्यार्थी शोधावे लागतील, असे सुरुवातीला कोणाला वाटले नसते. पुण्यात 1854 मध्ये अभियांत्रिकीचा वर्ग आणि यांत्रिकी शाळा निघाली, ती सार्वजनिक बांधकाम खात्याला कनिष्ठ अधिकारी हवे होते म्हणून. पुढे तिचेच अभियांत्रिकी महाविद्यालय झाले. शिक्षणाच्या पलीकडे खात्यातली नोकरी दिसत होती. वेगळ्या प्रचाराची गरज नव्हती.

चित्र पालटले ते 1983 नंतर. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. या संस्थांचा कारभार प्रामुख्याने शुल्कावर चालायचा, म्हणजे रिकामी जागा थेट ताळेबंदात दिसणार. आरंभी जागा आपोआप भरत. पुढे महाविद्यालये इतकी वाढली, की देशभर जागा ओस पडू लागल्या आणि अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने 2020-21 पासून नव्या अभियांत्रिकी महाविद्यालयांना मंजुरी देणे थांबवले. मधल्या काळात अध्यापकांच्या वाट्याला एक नवे काम आले होते : शाळाशाळांत जायचे, मुख्याध्यापकांना भेटायचे, मुलांशी बोलायचे. अनेकांना ते कमीपणाचे वाटे. पण त्या फेऱ्यांतूनच एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा लेथवर सोलला जाणारा लोखंडी गज पहिल्यांदा पाही.

मार्च 2020 मध्ये हा धागा तुटला. त्या वर्षीची राज्य सीईटी ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत लांबली. 2021 मध्ये तर दहावीची परीक्षाच झाली नाही. अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला 99.95 टक्के. पदविका प्रवेश दहावीच्या गुणांवर होतात. आता गुणही नीट वाट दाखवीनात आणि सांगणारा माणूसही दारात येईना.

यंत्रणेने काहीच केले नाही, असे मात्र नाही. कागदपत्रांची पडताळणी घरबसल्या करून घेण्याची ई-स्क्रूटिनीची सोय झाली. जातीच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्यांची फाइल घेऊन सुविधा केंद्राच्या रांगेत ज्याने दिवस घालवला आहे, त्याला तिचे मोल कळेल. तंत्रशिक्षण संचालनालयाने ‘स्कूल कनेक्ट’ नावाने शाळांशी ऑनलाइन संपर्क साधला. 2021-22 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणक अभियांत्रिकी मराठीतून शिकण्याची वाटही उघडली. विस्कटलेली घडी हळूहळू बसली.

पण ती कशी बसली, हे पाहायला हवे. माझी भाची 2021 ची दहावीची. त्या उन्हाळ्यात घरी चार-पाच संस्थांचे फोन आले. प्रत्येकाची चित्रफीत आली. तिने संगणक शाखा घेतली. दीड वर्ष तिच्या हाती असलेले एकमेव यंत्र मोबाइल होते. दुसऱ्या कुठल्या यंत्राची तिला ओळखच नव्हती. प्रवेशानंतर काही महिन्यांनी तिने पहिल्यांदा कार्यशाळेत पाऊल ठेवले. घरी येऊन म्हणाली, “मामा, हे आधी का नाही दाखवलं?” तोवर शाखा ठरून गेली होती.

एका मुलीवरून इतिहास लिहू नये, हे मला समजते. संगणकाकडचा ओढा जुना आहे आणि त्याला आयटीतल्या पगाराचे कारण आहे. तरीही पडद्यावरून केलेला प्रचार पडद्यावरच्या कामालाच सोयीचा असतो, असे मला वाटते. वितळलेल्या धातूची धग किंवा सर्वेक्षणातली पायपीट चित्रफितीत उतरत नाही. 2024-25 पासून परिषदेने शाखानिहाय प्रवेशक्षमतेवरची कमाल मर्यादाही उठवली. मागणी असलेल्या शाखेच्या जागा वाढवणे आता सोपे झाले. स्थापत्य आणि यंत्र शाखांना विद्यार्थी मिळवणे त्यामुळे अधिकच अवघड होणार.

आमच्या तालुक्यात फोन आले, जाहिराती आल्या, मेळावेही परतले. ती सकाळी आठची सहल मात्र परतलेली नाही. तिला खर्च फार नाही. एक बस, दोन शिक्षक, एक दिवस. तोही दहावीच्या निकालानंतरच्या घाईत नको, नववीतच हवा. जागा भरण्यासाठी त्या सहलीचा किती उपयोग होईल, हा हिशेब संस्थांनी करावा. निवड करण्याआधी काम डोळ्यांनी पाहण्याचा मुलांचा हक्क मात्र त्या हिशेबावर अवलंबून ठेवू नये.