सरावली ते तलासरी: निर्भय प्रश्नाचा इतिहास

विद्यार्थ्याची वैचारिक सुरक्षितता म्हणजे मनात आलेला प्रश्न मार, टवाळी किंवा उपासमारीच्या धास्तीशिवाय विचारता येणे. डहाणू तालुक्यातील सरावलीच्या आसपासच्या वारली मुलखात ही सुरक्षितता आधी शेताच्या बांधावर मिळवावी लागली. वर्ग आणि विद्यापीठ फार नंतर आले.

१९४५ पर्यंत इथली बरीचशी जमीन सावकार-जमीनदारांच्या हाती गेली होती. लग्नासाठी कर्ज काढलेला तरुण बायकोसह धन्याकडे राबे. त्याला लग्नगडी म्हणत. कर्ज किती फिटले हे कागदावर असे आणि कागद धन्याच्या पेटीत. अक्षरओळख नसल्याने फसवणूक होई हे खरेच. पण वाचता आले असते तरी हिशेब विचारण्याची हिंमत कुठून आणायची?

ती हिंमत २३ मे १९४५ रोजी झरी गावात भरलेल्या, शेतकऱ्यांच्या किसान सभेच्या परिषदेत एकवटली. सुमारे पाच हजार आदिवासी जमले होते. वेठ करायची नाही आणि रोज बारा आणे रोखीने मिळाल्याशिवाय जमीनदाराच्या शेतात राबायचे नाही, असे ठरले. गावोगाव लग्नगडी सुटू लागले. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी गोळीबार केला. त्यात जेठ्या गांगड आणि इतर चौघे मारले गेले. प्रश्न विचारण्याची किंमत इतकी होती.

या लढ्याच्या पुढारी गोदावरी परुळेकर कायद्याच्या पदवीधर. त्याच १९४५ साली शिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडक यांनी याच भागातल्या बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. त्याही मुंबई विद्यापीठाच्या पदवीधर. दोघींचे मार्ग अगदी वेगळे. पण विद्यापीठाचे शिक्षण या मुलखाच्या खऱ्या अर्थाने उपयोगी पडले ते या दोघींमुळे, असे म्हणायला हरकत नाही.

ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ पुढे १९५७ मध्ये कोसबाडच्या टेकडीवर गेल्या. गुरे राखणारी पोरे शाळेत येईनात, तेव्हा शाळाच कुरणात गेली आणि तिचे नाव पडले कुरणशाळा. झाडाखाली गारगोट्या, बिया, पाने मांडून मोजणी चाले. गुरांवर लक्ष ठेवायला आडकाठी नसे. त्यांच्या विकासवाडी या प्रकल्पात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच आवारात असल्यामुळे धाकटे भावंड सांभाळणारी मुलगीही शिकू शके. चुकले तर छडी नाही, हा इथला मोठाच बदल. घरी वारली बोलणाऱ्या मुलाला पुस्तकी मराठीत ‘चुकीचे’ ठरवले की ते गप्प बसते. आदिवासी भागातल्या शाळांत ही अडचण अजून संपलेली नाही.

१९६० मध्ये महाराष्ट्र आणि गुजरात वेगळे होताना उंबरगाव तालुक्याचा बराच भाग गुजरातेत गेला आणि तलासरीची गावे महाराष्ट्रात राहिली. आज तलासरीत मुंबई विद्यापीठाशी संलग्न असे गोदावरी परुळेकरांच्या नावाचे महाविद्यालय आहे. १९४५ ची परिषद झाली ते झरी गाव त्याच तालुक्यात आहे.