थंड पाण्याचा हिशेब

वर्ध्याचा माणूस थंड समुद्रातल्या माशांवर लिहितोय म्हटल्यावर घरचे हसणारच. मे महिन्यात आमचा पारा ४५ च्या पुढे जातो आणि समुद्र कुठल्याही दिशेला शेकडो किलोमीटर लांब. आमच्यासाठी मासा म्हणजे धाम नदीचा नाहीतर बोर धरणाचा. रोहू, कटला किंवा फार तर मरळ. पण या विषयाचा इतिहास वाचायला घेतला आणि थेट आपल्या तळ्यापर्यंत येऊन पोचलो. म्हणून हा लेख.

सुरुवात स्वीडनमधल्या एका पाद्रीबुवांपासून. हान्स हेडरस्ट्रोम त्यांचं नाव. झाडाच्या खोडात वर्षावर्षाची वर्तुळं असतात तशी माशाच्या मणक्यातही असतात, हे त्यांनी १७५९ मध्ये मोजून दाखवलं. पुढे १८९८ मध्ये हॉफबाउर या जर्मन संशोधकाने कार्प माशाच्या खवल्यांवरून वय वाचलं. ही वर्तुळं पडतात कशामुळे? उन्हाळ्यात मासा भराभर वाढतो, हिवाळ्यात वाढ जवळजवळ थांबते. म्हणजे पाण्याचं तापमान माशाच्या अंगावरच लिहिलेलं असतं. ही वही सगळ्यात चांगली वापरली नॉर्वेच्या योहान योर्ट यांनी. १९०४ साली जन्मलेले हेरिंग मासे पुढची कितीतरी वर्षं नॉर्वेच्या जाळ्यांत सर्वाधिक सापडत राहिले, हे त्यांनी खवले वाचून सिद्ध केलं आणि १९१४ मध्ये प्रसिद्ध केलं. गंमत बघा, आपल्याकडच्या माशांचं वय असं वाचणं कठीण जातं. वर्तुळं ठळक पडायला तसा कडक हिवाळा लागतो ना!

त्याच १९१४ साली डेन्मार्कमध्ये ऑगस्ट क्रोग हे शास्त्रज्ञ वेगळाच हिशेब मांडत होते. (१९२० चं नोबेल मिळालेले तेच.) मासा थंड रक्ताचा, जसं पाणी तसं अंग. पाणी तापलं की त्याला ऑक्सिजन किती जास्त लागतो, हे त्यांनी गोल्डफिशवर मोजलं. ढोबळमानाने १० अंश वाढले की माशाचा नुसता जगण्याचा खर्च दुप्पट ते तिप्पट होतो. गोल्डफिश हा आपल्या रोहूचा भाऊबंदच, एकाच कुळातला.

आता अडचण अशी की खर्च वाढतो तेव्हा पुरवठा घटतो. गोड्या पाण्यात ० अंशाला लिटरमागे सुमारे १४.६ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, ३० अंशाला फक्त ७.५ च्या आसपास. थंड पाण्यात इतकी सुबत्ता, की अंटार्क्टिकाच्या आइसफिशच्या रक्तात हिमोग्लोबिनच नाही. रक्त पाण्यासारखं! योहान रूड यांनी १९५४ मध्ये हे प्रसिद्ध केलं. आपल्या तळ्यात हा मासा तासभरही टिकणार नाही.

मग ऊब म्हणजे नुकसानच का? तसंही नाही. कॅनडात ब्रेट आणि सहकाऱ्यांनी १९६९ मध्ये सॉकाय सामनच्या पिल्लांवरचा एक सुरेख प्रयोग प्रसिद्ध केला. पिल्लांना पोटभर खायला दिलं तेव्हा सर्वात जास्त वाढ १५ अंशांना झाली. रोजचं खाणं वजनाच्या दीड टक्क्यावर आणलं, तर सर्वात जास्त वाढ ५ अंशांना! कारण उघड आहे. मिळकत भरपूर असेल तर मोठा घरखर्च परवडतो आणि वर शिल्लकही पडते. मिळकत तुटपुंजी असेल तर कमी खर्चाचंच घर बरं. मला वाटतं, हे कळायला वर्ध्याच्या कास्तकाराला विज्ञानाची गरज नाही.

रोहूचं गणित उलट्या टोकाचं. १४ अंशांखाली तो मानवत नाही, पण उबेत खाऊन फोफावतो. तरी त्यालाही मर्यादा आहेच. पूर्वी त्याचं बीज बंगालच्या नद्यांतून गोळा करून रेल्वेने देशभर जाई. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशातल्या अंगुल इथे संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या जातीच्या माशांचं तळ्यात प्रजनन घडवलं. आज तळ्यातळ्यात रोहू दिसतो तो या कामामुळे. पण बीज कुठेही तयार करता आलं म्हणून मे महिना टळत नाही. पाणी आटतं, तापतं, खर्च वाढतो. रात्रभर शेवाळही ऑक्सिजन खातं आणि पहाटे मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतात. ज्या ढीवर-भोई कुटुंबांचं वर्ष त्या तळ्यावर चालतं, त्यांना याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही.

समुद्र तापतोय, कॉड उत्तरेकडे सरकतोय, या बातम्या आपण लांबच्या म्हणून वाचतो. कॉडला निदान सरकायला उत्तर आहे. आमच्या तळ्यातल्या रोहूला चारी बाजूंनी बांध आहे. त्याच्यासाठी तळं खोल ठेवणं, गाळ काढणं, काठाची झाडं राखणं एवढंच आपल्या हातात आहे.

असो. तुमच्या गावच्या तळ्यात मे अखेर किती पाणी उरतं? नक्की कळवा.